फाइल गेली की फक्त तिचा पत्ता?

प्रबंधाची छापील प्रत दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जमा करायची असते. विद्यार्थिनी झेरॉक्सच्या दुकानात येते, पेनड्राइव्ह तिथल्या संगणकाला लावते आणि पडद्यावर सूचना येते : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मागे रांग वाढलेली असते. दुकानदार मदत म्हणून ‘हो’वर क्लिक करायला जातो. अनेक महिन्यांच्या कामाचे पुढे काय होणार, हे बऱ्याचदा त्या क्षणी ठरते.

अशी सूचना आली म्हणजे फाइल नष्ट झाली, असे नाही. पेनड्राइव्हमधील माहिती फ्लॅश मेमरीच्या चिपवर असते. तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी हे तंत्र १९८४ मध्ये जगासमोर मांडले. चिपवरील असंख्य सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून ठेवलेला असतो आणि वीज काढून घेतली तरी तो टिकतो. कोणती फाइल कोणत्या जागी आहे, याची नोंद मात्र वेगळ्या तक्त्यात असते. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी प्रकरणे पुस्तकातच राहतात, तसेच हे आहे. कॉपी सुरू असताना पेनड्राइव्ह उपसला किंवा वीज गेली, तर हा तक्ता अर्धवट लिहिला जातो. संगणकाला तो उमगत नाही, म्हणून तो नवा कोरा तक्ता मांडण्याची परवानगी मागतो.

चुकून डिलीट केलेल्या फाइलचेही असेच असते. पेनड्राइव्हवरून काढलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. पण तिचा मजकूर लगेच पुसलाही जात नाही. तक्त्यात फक्त ‘ही जागा मोकळी’ अशी खूण होते. त्या जागेवर दुसरी फाइल लिहिली गेली, की मग जुनी परत मिळत नाही. म्हणून पहिला नियम सोपा आहे : फॉरमॅटला ‘नाही’ म्हणावे, त्या पेनड्राइव्हवर नवे काहीही साठवू नये आणि तो बाजूला काढून ठेवावा. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट केले, तर सगळ्या जागेवर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर आशा उरत नाही.

पुढची पायरी म्हणजे नेमके काय बिघडले ते ओळखणे. पेनड्राइव्ह उघडतो, रिकामा दिसतो, पण प्रॉपर्टीजमध्ये मात्र बरीच जागा वापरलेली दिसते, तेव्हा फाइल बहुधा लपवलेल्या असतात. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसत असतील, तर हे व्हायरसचे काम समजावे. त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये. अँटीव्हायरसने तपासणी करून ‘हिडन’ फाइल दाखवण्याचा पर्याय सुरू करावा. तरीही त्या दिसल्या नाहीत, तर सिस्टिम फाइल लपवण्याचा पर्यायही काही वेळापुरता बंद करावा.

फॉरमॅटची सूचना येत असेल, तर विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये पाहावे. तिथे पेनड्राइव्हची क्षमता बरोबर दिसली, तर चिप बहुधा ठीक असून तक्ता बिघडलेला असतो. ‘नो मीडिया’ असे दिसले किंवा पेनड्राइव्ह कुठल्याच संगणकाला ओळखू येत नसेल, तर बिघाड आतल्या कंट्रोलरमध्ये किंवा जोडणीत असू शकतो. तिथे सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. डेटा रिकव्हरीच्या तज्ज्ञाकडे जावे लागते आणि ते काम खर्चिक असते.

तक्ताच बिघडला असेल, तर ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ ही मोफत सॉफ्टवेअर कामी येतात. शक्य असल्यास आधी संपूर्ण पेनड्राइव्हची प्रतिमा, म्हणजे इमेज, संगणकावर घ्यावी आणि प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. फोटोरेक तक्ता पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीला ठरावीक खूण असते, तिच्यावरून ते फाइल शोधते. त्यामुळे मजकूर मिळतो, पण मूळ नावे बहुधा मिळत नाहीत. तुकड्यांत विखुरलेल्या फाइल अर्धवटही निघू शकतात. सापडलेल्या फाइल त्याच पेनड्राइव्हवर उतरवणे ही नेहमीची चूक आहे. तसे केले तर न सापडलेल्या फाइलवरच त्या लिहिल्या जातात.

‘चेकडिस्क’ चालवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. ते तक्ता दुरुस्त करते, फाइल वाचवणे हे त्याचे काम नव्हे. दुरुस्तीच्या भरात ते तुटलेले तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते आणि मूळ नोंदी बदलते. म्हणून आधी फाइल बाहेर काढाव्यात, चेकडिस्क नंतर.

फाइल परत मिळाल्या, तरी त्या पेनड्राइव्हवर पुन्हा विसंबू नये. कप्प्यांतला विद्युतभार वर्षानुवर्षांत हळूहळू गळतो आणि उष्णतेत लवकर गळतो. कप्पे पुसून पुन्हा लिहिण्यालाही मर्यादा असते. पेनड्राइव्ह हे माहिती नेण्याचे साधन आहे, जपण्याचे नव्हे. प्रबंध असो, लग्नाचे फोटो असोत की आजारपणाचे रिपोर्ट, एक प्रत संगणकावर आणि एक दुसऱ्या ठिकाणी असावी. मग झेरॉक्सच्या दुकानात ती सूचना आलीच, तर शांतपणे ‘नाही’ म्हणता येते आणि फार तर घरी एक फेरी मारावी लागते.