माशीला हात लावण्याआधी

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या दारव्हा भागात शेतोशेती जागल सुरू होते. रोही आणि रानडुकरं येतात ती रात्रीच. बहुतेकांच्या हाती बॅटरी आणि बडवायला पत्र्याचा डबा, एखाद्याच्याच घरी परवान्याची बंदूक. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद होत गेली; पीक खाणारं रोही मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. आजोबांच्या रायफली मात्र वारसांच्या परवान्यावर कपाटात राहिल्या. त्यांचा नेम बिघडला तर दाखवायचं कुणाला?

आमची रायफल .३१५ बोअरची. इंग्रजी अमदानीत लष्करी बोअरचं हत्यार खासगी माणसाला मिळणं अवघड, म्हणून ली-एन्फिल्डच्याच यंत्रणेवर हे निराळं काडतूस आलं. पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात या रायफली बनू लागल्या. काडतुसाच्या बुडावर ‘के.एफ.’ दिसतं, ते आपल्या पुण्याजवळचं खडकी.

निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा. एका वर्षी आमची रायफल तिथं बरेच दिवस पडून राहिली. परत आली तेव्हा नळीत तांबूस गंज होता आणि रेंजवर १०० यार्डांवर गोळ्या वीतभर डावीकडे जात होत्या. गावातला वेल्डिंगवाला लगेच तयार. “गोळी डावीकडं जाते ना भाऊ? मंग माशी उजवीकडं ठोकतो.” माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट. त्याला नको म्हणालो. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. तसा कारागीर आम्हाला नागपुरात सापडला. पण आमचा परवाना यवतमाळ जिल्ह्यापुरताच, म्हणून आधी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या.

कारागीर म्हातारा होता. परवाना पाहिला, रायफलीचा नंबर पडताळून नोंदवहीत लिहिला, मग बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली. पहिला प्रश्न, “गज कुठून घालता?” तोंडाकडून, म्हणालो. त्यानं कपाळाला हात लावला. गोळी नळीला शेवटची शिवते ती तोंडाच्या कडेला. तिथं गजानं ओरखडा पडला की नेम गेलाच. बोल्ट निघतो, तर मागूनच साफ करायची. त्यानं फुलतरूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंधी अडकवून ओढली. पहिली चिंधी विटकरी निघाली, सहावी जवळपास पांढरी.

मग नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवली. एका जागी अडकली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दस्त्याचं लाकूड आकसतं, स्क्रू सैल होतात. पावसाळ्यात तेच फुगून नळीला टेकतं आणि गोळी ढकलल्यासारखी एका अंगाला जाते. त्यानं तेवढी जागा चिमूटभर खरवडली, लाकडाला तेल पाजलं, दोन स्क्रू आवळले. माशीला बोटही लावलं नाही. दुकानात बसून नेम लावतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका, हे त्याचं, आणि आता माझंही, मत.

महिन्यानं तो रेंजवर आला. पाच गोळ्या, पाचही जवळजवळ, पण अजून दोन बोटं डावीकडे. त्यानं पितळी ठोकणी काढली आणि माशी हलकेच सरकवली. डावीकडे.

मी गोंधळलो. “माशी डावीकडं गेली की नेम धरताना नळी उजवीकडं वळते, भाऊ,” तो म्हणाला आणि पुढचं काडतूस मागितलं.