ओवीसूची, आज्ञावली आणि प्रताधिकार

नेवासे येथे शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी पुढील तीन शतके हस्तलिखितांतून पसरली. नकला करताना काही ओव्या गळाल्या, काही नव्याने शिरल्या. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पाठशुद्धी केली आणि ग्रंथाअखेर बजावले की, यात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे होय. नक्कल करण्यास एकनाथांची हरकत नव्हती. हरकत होती ती मूळ नावाखाली भर घालण्यास. संहितेसोबतच प्रवास करणारी अशी अट हाच आजच्या आज्ञावलींच्या परवान्याचाही गाभा आहे.

हा विषय साहित्याच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमच्या एका संशोधक विद्यार्थ्याने ज्ञानेश्वरीची शब्दसूची करण्यासाठी संगणकाची आज्ञावली लिहिली. एका प्रकाशकाने ती सूचीसह विकत घेण्याची तयारी दाखवली. अट एवढीच की, आज्ञावली अन्य कोणास देऊ नये. करारावर सही करण्याच्या बेतात असताना विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की, शब्द तोडण्याचे काम त्याने स्वतः लिहिलेलेच नाही. त्यासाठी त्याने दुसऱ्याची तयार 'लायब्ररी' जोडली होती. (या शब्दाला 'ग्रंथालय' म्हणणे दिशाभूल करणारे ठरते. येथे पुस्तके नसतात. इतरांनी आपल्या कामात जोडून घ्यावेत असे तयार आज्ञांचे संच असतात.)

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम २(ओ) नुसार संगणकाची आज्ञावली ही 'साहित्यकृती' आहे. कादंबरी आणि आज्ञावली एकाच व्याख्येत बसवल्या गेल्या, याची नोंद आपण साहित्याच्या अभ्यासकांनी फारशी घेतलेली नाही. परिणाम असा की, लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे संरक्षण लागू होते. संकेतस्थळावर कोणी आज्ञावली फुकट ठेवली म्हणून तिचा प्रताधिकार संपत नाही. 'मुक्त' याचा अर्थ बेवारस नव्हे. मालक हक्क राखूनच अटींवर परवानगी देतो आणि अटी मोडल्यास ती परवानगी गळून पडते.

अटींचे दोन ठळक प्रकार आढळतात. एमआयटी परवान्यात प्रताधिकाराची सूचना व परवान्याचा मजकूर कायम ठेवला की पुरते. ग्नू जीपीएलची (पहिली आवृत्ती १९८९) मागणी मोठी आहे: तिच्याखालील लायब्ररी जोडून केलेली आज्ञावली इतरांना दिली, तर संपूर्ण आज्ञावली त्याच अटींवर, मूळ स्रोतासह द्यावी लागते. विक्रीस बंदी नाही, परंतु घेणाऱ्याला पुढे वाटण्यापासून रोखता येत नाही. घरी वापरल्यास हे बंधन नाही. ही मागणी लायब्ररींना जाचक ठरू शकते, म्हणून १९९१ मध्ये सौम्य एलजीपीएल आला. त्यात लायब्ररी मुक्त राहते, जोडणाऱ्याचे स्वतःचे काम मात्र बंद ठेवता येते.

भारतीय कायद्यात आणखी एक खाच आहे. कलम १९ व ३०अ एकत्र वाचता, परवान्यात मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसल्यास भारतापुरती मानली जाते. अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीत (२००४) 'कायमस्वरूपी' व 'जगभर' असे शब्द स्पष्ट आहेत. एमआयटीच्या आटोपशीर मजकुरात मुदतीचा उल्लेखच नाही. संक्षेपाचे आपल्याला कौतुक असते, पण येथे तो अंगाशी येऊ शकतो.

देवनागरीचे उदाहरण अधिक जवळचे आहे. रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला 'लोहित' हा टंक प्रारंभी जीपीएलखाली होता. टंक दस्तऐवजात अंतर्भूत केला, तर तो दस्तऐवजही त्या अटींत ओढला जाईल काय, अशी शंका जीपीएलखालील टंकांबाबत घेतली जाई. २०११ मध्ये 'लोहित' एसआयएल मुक्त टंक परवान्याखाली आला. त्या परवान्यात दस्तऐवज स्पष्टपणे वगळले आहेत. शिवाय टंककाराने नाव राखून ठेवल्यास बदललेल्या टंकाला ते नाव लावता येत नाही. बदल करा, पण दुसऱ्या नावाने. एकनाथांनी बदलच नाकारला होता. हा परवाना केवळ नाव नाकारतो. तरीही दोहोंमागची चिंता एकच आहे: वाचणाऱ्याला मूळ कोणते, हे कळले पाहिजे.

विद्यार्थ्याने जोडलेली लायब्ररी जीपीएलखालील निघाली. ज्ञानेश्वरीची संहिता प्रताधिकारमुक्त होती. परंतु आधुनिक संपादकाच्या प्रस्तावना व टीपा तशा नव्हत्या, म्हणून त्या सूचीतून वगळल्या. आज्ञावलीतून निघालेली सूची ही आज्ञावलीची प्रत नव्हे. तीत लायब्ररीचा मजकूर उतरलेला नव्हता, त्यामुळे तिला जीपीएल लागू झाला नाही. तेव्हा सूची छापण्याचे हक्क प्रकाशकाला दिले. आज्ञावली मात्र विद्यार्थ्याने स्रोतासह जीपीएलखाली खुली केली. प्रकाशकाने ठरलेल्या रकमेतून निम्मी कापली.