हाडाला मानवणारा धातू

खुब्याचा झिजलेला सांधा बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत सिमेंटशिवाय जो दांडा बसवला जातो, तो बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचा असतो. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेला हा मिश्रधातू १९५० च्या दशकात अमेरिकेत विमानउद्योगासाठी विकसित झाला आणि पुढे शस्त्रवैद्यांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उसना घेतला. परंतु विमानाला जे हवे तेच हाडालाही हवे असते, असे नाही.

टायटॅनियमचा मोठा गुण असा की, हवा लागताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर धरतो, तो ओरखडला तरी पुन्हा तयार होतो आणि त्यामुळे शरीरातील खारट द्रवांत धातू सहसा गंजत नाही. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ मध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी सशाच्या हाडात निरीक्षणासाठी बसवलेली टायटॅनियमची कुपी नंतर निघेना, कारण हाड तिला घट्ट चिकटले होते. अस्थिसंयोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच गुणाच्या आधारे १९६५ मध्ये मानवी जबड्यात पहिले दंतरोपण झाले.

खरी अडचण ताठरपणाची आहे. पदार्थ ताणाखाली किती कमी वाकतो हे दर्शवणारा यंगचा गुणांक हाडाच्या कठीण कवचासाठी साधारण १० ते ३० गिगापास्कल असतो, तर या मिश्रधातूसाठी तो सुमारे ११० असतो. शरीराचा भार ताठर दांडाच पेलू लागला की भोवतालच्या हाडाला काम उरत नाही, आणि बिनकामाचे हाड विरळ होत जाते, त्यामुळे दांडा सैल पडण्याचा धोका वाढतो. स्टेनलेस स्टीलचा गुणांक याच्याही जवळजवळ दुप्पट असल्याने टायटॅनियम त्या मानाने सौम्य ठरते, एवढेच.

यावरचा उपाय स्फटिकरचनेत शोधला गेला. शुद्ध टायटॅनियम ८८२ अंश सेल्सिअसच्या वर ‘बीटा’ नावाची घनाकृती रचना धारण करते. नायोबियम, टँटलम किंवा मॉलिब्डेनम पुरेसे मिसळल्यास हीच रचना सामान्य तापमानालाही टिकते आणि गुणांक ६० च्या आसपास उतरू शकतो. ज्याच्या विषारीपणाची शंका घेतली जाते ते व्हॅनेडियमही त्यात टाळता येते. मात्र टायटॅनियम १६६८ अंशांना वितळते, तर टँटलमला ३००० अंशांहून अधिक तापमान लागते, त्यामुळे निर्वातात वारंवार वितळवूनही एकजीव मिश्रण साधणे कठीण आणि खर्चिक ठरते. शिवाय ताठरपणा घटवताना बळकटी गमावून चालत नाही.

चाचण्यांची सुरुवात संवर्धित पेशींवरील विषारीपणाच्या तपासणीने होते. पुढे दांड्याला खाऱ्या द्रवात सुमारे २३०० न्यूटनचा भार ५० लाख वेळा सोसावा लागतो, कारण एका झटक्यात न मोडणारा धातूही वारंवारच्या भाराने सूक्ष्म भेगा पडून ‘थकतो’. परंतु चालता-फिरता माणूस प्रत्येक पायावर वर्षाला साधारण दहा लाख पावले टाकतो. म्हणजे ही चाचणी अवघ्या पाचेक वर्षांची हमी देते, आणि सांधा तर वीस वर्षे टिकावा अशी रुग्णाची अपेक्षा असते. त्यापुढचा निकाल रुग्णांच्या दीर्घकालीन नोंदींवरूनच लागतो, आणि खुब्याच्या कृत्रिम सांध्यांची अशी राष्ट्रीय नोंदवही स्वीडनने १९७९ पासून ठेवली आहे.