प्रायश्चित्त कुणी घ्यायचे?

19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे पत्नी आणि चार लेकरांसह वर्ध्याजवळच्या दत्तपूरला होते. चिलगव्हाण हे महागाव तालुक्यातले गाव. साहेबराव गावचे सरपंच राहिलेले, भजन-संगीतात रमणारे शेतकरी. वीजबिल थकले, जोडणी तुटली, उभा गहू डोळ्यांदेखत वाळला. दत्तपूरला त्या सहाही जणांचा शेवट झाला. मागे उरलेल्या चिठ्ठीत शेतकरी म्हणून जगणे अशक्य झाल्याचे लिहिले होते. महाराष्ट्रात शेतकरी आत्महत्यांची मोजणी या घटनेपासून धरतात. तिला हौतात्म्याचा रंग मात्र कुणी देऊ नये. त्या चार लेकरांना जगायचे की नाही, हे कुणी विचारले नव्हते.

दत्तपूर म्हणजे मनोहर दिवाणांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी उभे केलेले ठिकाण. विनोबांचे पवनार तिथून जवळच. जमिनीची मालकी हा धर्माचा प्रश्न आहे, असे सांगत विनोबा 1951 पासून देशभर चालले. त्यांच्या निर्वाणाला साडेतीन वर्षेही झाली नव्हती आणि करुणेच्या त्याच परिसरात एक शेतकरी कुटुंब संपले. धर्म सांगणाऱ्यांना हा प्रश्न तेव्हाच टोचायला हवा होता.

त्यानंतरच्या चाळीस वर्षांत यवतमाळला सगळे येऊन गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग 2006 च्या पावसाळ्यात विदर्भात आले. यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. 2008 ला देशव्यापी कर्जमाफी झाली. मिशने आली, अभियाने आली, समित्यांचे अहवाल आले. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 मध्ये देशात शेतीवर जगणाऱ्या 11,290 जणांनी आत्महत्या केल्या. त्यांतले 4,248 महाराष्ट्रातले. देशातल्या आकड्यात शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा जास्त आहे. आपल्या चर्चेत मजूर येतच नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

एखाद्या घरात असे घडले की पुढे काय होते? तलाठ्याचा पंचनामा होतो, पोलीस ठाण्याचे आणि दवाखान्याचे कागद निघतात, फाईल तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जाते. सातबारा कुणाच्या नावावर होता? कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे? वसुलीचा तगादा होता का? या कागदांवर प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरले तर एक लाख रुपये. त्यांतले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. कर्ज नातलगाकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेले असेल, तर कागद तोकडे पडतात. सरकारी मदतीला निकष लागतात, हे मान्य. पण या साऱ्या चौकशीत हिशेब फक्त मेलेल्याचा होतो. वीज कुणी तोडली, भाव कुणी पाडला, पीकविमा कुठे अडला, यातले काहीच त्या फाईलमध्ये येत नाही.

आणि गाव काय म्हणते? ‘त्याचे नशीब’, ‘त्याचे भोग’. कर्मसिद्धान्ताचा इतका सोयीस्कर वापर दुसरा नसेल. ज्याचे त्याचे कर्म एकदा म्हटले की शेजारी, सावकार, व्यापारी, शासन, शहरात कापसाचा सदरा घालणारे आपण, सगळे एका वाक्यात सुटतो. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्यावर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. पती गमावलेल्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या, ‘तेरवं’ नाटकातून उभ्या राहिलेल्या बाई. पुढच्या-मागच्या जन्मावर आपला विश्वास नाही, आपण या जन्मातल्या आहोत, असे त्यांनी त्या व्यासपीठावरून सांगितले. माझ्या मते त्या संमेलनातले सर्वांत आध्यात्मिक विधान तेच होते, कारण ते जबाबदारीला याच जन्मात, याच गावात उभे करते.

सामूहिक पापाचा विचार आपल्याकडे पूर्वी फार मोठ्या माणसांत झडला आहे. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसे गेली. अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांना ते पटले नाही. निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण चिकटवणे अविवेकी आहे, असा त्यांचा जाहीर आक्षेप होता आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापला. रवींद्रनाथ बरोबर होते. भूकंपात गाडली गेलेली माणसे कुणाच्या पापाची शिक्षा भोगत नव्हती. पण गांधीजींच्या म्हणण्यातली एक गोष्ट उरते. त्यांनी बोट मेलेल्यांकडे केले नव्हते, स्वतःला धरून ‘आपण’ म्हटले होते. यवतमाळच्या बाबतीत तर रवींद्रनाथांचा आक्षेपही उरत नाही. पाऊस आभाळातून येतो, पण बियाण्याची किंमत, कापसाचा भाव, व्याजाचा दर आणि औषधाची बाटली माणसांच्या हातून येते. ऑगस्ट 2025 मध्ये, वेचणी तोंडावर असताना, कापसावरचे 11 टक्के आयातशुल्क उठवले गेले. त्या निर्णयावर माणसांच्याच सह्या आहेत.

2017 चा पावसाळा आठवा. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली. पाठीवर कीटकनाशकाचा पंप घेऊन मजूर ओळीत शिरला की फवारा खाली पानांवर पडण्याऐवजी त्याच्याच तोंडावर, छातीवर यायचा. अंगातला सदरा भिजून अंगाला चिकटायचा, दमट हवेत वाळायचा नाही आणि दिवसभर तोच अंगावर. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात शेकडो माणसे दाखल झाली. कुणाला दिसेना, कुणाला श्वास घेता येईना. जिल्ह्यात वीसहून अधिक जण गेले. आणि पहिला ठपका कुणावर? मजुरांवरच. त्यांनी मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत! सप्टेंबरच्या उन्हात, रोजंदारीवर, परक्याच्या वावरात तो मास्क त्यांना द्यायचा कुणी, हे विचारणारे फार थोडे निघाले.

जबाबदारी कुणाची, याचे उत्तर विदर्भाच्या संतांनी कधीच देऊन ठेवले आहे. गाडगेबाबा कर्ज काढून सण-लग्ने करू नका म्हणत. आज त्याच उपदेशाचा दगड करून शेतकऱ्याला मारतात: ‘लग्नात उधळले, म्हणून बुडाला’. पण बाबांनी आधी स्वतःचे सारे सोडले होते, लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत राहिले नाहीत. उपदेशाचा अधिकार असा येतो. तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली. यवतमाळच्या कितीतरी खेड्यांत आजही तिन्हीसांजेला गुरुदेव सेवा मंडळाची माणसे एकत्र बसतात. देवापुढे एकट्याने हात जोडण्यापेक्षा गावाने एका ओळीत बसावे, यात महाराजांची मोठी दृष्टी होती. रोजचा माणूस चार दिवस आला नाही, तर ते कुणाच्या तरी ध्यानात यायला हवे आणि प्रार्थना संपल्यावर कुणीतरी त्याच्या दारी जायला हवे. महाराजांची ‘ग्रामगीता’ घराघरात आहे, पारायणे होतात. त्या दारापर्यंतची पावले मात्र कमी पडतात.

अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाने 2017 पासून 19 मार्चला एक दिवसाच्या अन्नत्यागाची हाक दिली. कमाल जमीनधारणा, आवश्यक वस्तू आणि भूसंपादनाचे कायदे शेतकऱ्याच्या गळ्याचे फास आहेत, ही त्यांची मांडणी. कायद्यांविषयी सर्वांचे एकमत होणार नाही, माझेही सगळ्या मुद्द्यांवर नाही. पण ज्याचे अन्न खातो त्याच्यासाठी एक दिवस न खाणे, हे प्रायश्चित्ताचे मला पटणारे रूप आहे. प्रायश्चित्त जिवंत माणूस घेतो, आणि त्यात पश्चात्तापानंतर भरपाई येते. भरपाई नसलेला उपवास नुसताच उपवास राहतो.

वाचकहो, येत्या 19 मार्चला उपवास जरूर करा. आणि ज्या गावाशी तुमची नाळ आहे, तिथल्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. अशा घरातल्या किती बायकांचे नाव सातबाऱ्यावर लागले? किती फाईली ‘अपात्र’ म्हणून पडून आहेत? त्या घरांतल्या मुलांची यंदाची फी कोण भरणार? कुणी गप्प-गप्प राहू लागला, तर त्याच्याजवळ बसा, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक त्याला लावून द्या. तिसऱ्या प्रश्नाला सभेत उत्तर मिळाले नाही, तर एका मुलाची फी तुम्ही भरा.