सरकार घरमालक झालें म्हणजे

१४ ऑगस्ट २०२५ रोजीं मुंबईंत वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या. ज्यांच्या तीन-तीन, चार-चार पिढ्या १६० चौरस फुटांच्या एका खोलींत वाढल्या, त्यांस ५०० चौरस फुटांचें, स्वतःच्या मालकीचें घर विनामूल्य मिळालें. रात्रीं-अपरात्रीं शौचकूपासाठीं बोळाच्या टोकापर्यंत जाण्याचा प्रसंग आतां त्या घरच्या म्हाताऱ्या माणसांवर येणार नाहीं, एवढी एकच गोष्ट घेतली तरी ती लहान नव्हे. या कुटुंबांच्या आनंदांत आम्ही मनापासून सहभागी आहों.

परंतु अशा प्रसंगीं एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ह्या चाळी पाडण्याची पाळी आली ती कां? त्या जुन्या झाल्या, हें उत्तर सोपें आहे; पण तें पुरें नाहीं. त्याच मुंबईंत त्याहून जुन्या इमारती धडधाकट उभ्या आहेत, आणि त्यांपैकीं कित्येकींत सरकारचींच कार्यालयें भरतात. वय दोहोंचेंहि झालें. निगा मात्र एकीची झाली, दुसरीची झाली नाहीं. ज्या घराचा मालक सरकार, त्या घराची काळजी कोणी वाहावयाची, हा खरा प्रश्न आहे.

ह्या चाळींचा जन्मच मोठा बोलका आहे. १८९६ सालीं प्लेग आला, त्यानें गिरणगांवच्या कोंदट वस्तीचें भयंकर स्वरूप सरकारच्या नजरेस आणलें, आणि १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें रस्ते रुंद केले, कांहीं चाळीहि बांधल्या. पण गरज मोठी व हात आंखडता. पुढें पहिलें महायुद्ध संपलें, गिरण्यांस तेजी आली, कोंकणांतून व घाटावरून माणसांचा लोंढा लागला. एकेका खोलींत दोन-दोन बिऱ्हाडें राहूं लागलीं. तेव्हां १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत डेव्हलपमेंट खातें निघालें. मजुरांसाठीं ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला, आणि खर्चाला हातभार म्हणून मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीवर एक रुपया कर बसला. आमच्या व्यापारी वाचकांनीं हें अवश्य ध्यानांत घ्यावें. ह्या चाळींच्या पायांत त्यांच्या पेढीच्या पूर्वजांचाहि रुपया गाडलेला आहे. याच खात्याच्या बॅकबे भरणीचा कारभार खुर्शेद नरिमन यांनीं चव्हाट्यावर आणला, त्यापायीं अब्रूनुकसानीचा खटला अंगावर घेतला, व ते त्यांतून निर्दोष सुटले, ही हकीकत प्रसिद्धच आहे.

५०,००० खोल्यांच्या संकल्पांतून प्रत्यक्षांत २०७ चाळी उभ्या राहिल्या. वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडवर, म्हणजे हल्लींच्या ना. म. जोशी मार्गावर, ३२ आणि शिवडीस १२. तळमजला व वर तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळीस ऐंशी. एकंदर साडेसोळा हजारांच्या आंतबाहेर. तृतीयांश काम झालें, बाकीचें कागदावरच राहिलें. जें झालें तेंहि कसें झालें तें पाहण्यासारखें आहे. खाजगी मालकानें बांधलेल्या चाळीस बहुधा बाहेरच्या बाजूनें उघडी गॅलरी असते. तेथें वारा येतो, उजेड येतो, शेजारीण पलीकडच्या शेजारणीशीं दोन शब्द बोलते. डेव्हलपमेंट खात्यानें मधोमध बोळ ठेवला आणि त्याच्या दोन्ही अंगांस दहा-दहा खोल्या मांडल्या. भर दुपारीं दिवा लावावा असा तो बोळ! सिमेंट भरपूर वापरलें, पण राहणाराचा विचार केला नाहीं. वरळी त्या काळीं गांवापासून दूर. जवळ बाजार नाहीं, वाहन नाहीं. ज्या मजुरासाठीं ही सारी खटपट, तो मजूर तेथें जाईना, आणि खोल्या ओस पडूं लागल्या. १९३० च्या कायदेभंगाच्या वेळीं सरकारास कैदी ठेवावयास जागा अपुरी पडूं लागली, तेव्हां वरळीच्या चाळी तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोगास आल्या. राहण्यासाठीं बांधलेल्या इमारतीचा इतक्या सहज तुरुंग करतां यावा, यापेक्षां तिच्या रचनेवर वेगळी टीका करण्याचें कारण नाहीं.

तरीहि त्या ओसाड भिंतींत माणसांनीं घर केलें. गिरणीकामगार आले, पोलीस आले, नगरपालिकेचे नोकर आले. त्या अंधाऱ्या बोळांत पोरें अभ्यासाला बसलीं, पटांगणांत गणपति बसला, जांबोरी मैदानावर सभा गाजल्या. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळच्या चाळींतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं कित्येक वर्षें संसार केला. १९३४ च्या सुमारास दादरच्या राजगृहांत जाईपर्यंत त्यांचें बिऱ्हाड तेथेंच होतें. सार्वजनिक चाळीनें या महाराष्ट्रास काय दिलें, याचा हिशेब मांडावयाचा तर तो येथून मांडावा लागेल.

आतां मालकाच्या बाजूचा हिशेब पाहूं. मुंबईंतील चाळींच्या दुर्दशेची गोष्ट निघाली कीं खाजगी घरमालक १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याकडे बोट दाखवितात. १ सप्टेंबर १९४० चें भाडें कायद्यानें गोठविलें, त्या भाड्यांत छपराचीं कौलेंहि बदलून होत नाहींत, असें ते म्हणतात. आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. परंतु सरकारास ही सबब नाहीं. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानें सरकारच्या व स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागा कायद्यांतून वगळलेल्या होत्या. सरकारनें आपल्या हातांनीं दुसऱ्याच्या पायांत बेडी घातली, आपले पाय मोकळे ठेवले, आणि तरीहि तें चाललें नाहीं! भाडें नाममात्र ठेवलें, हें गरिबांवरील दयेनें असेल तर त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण दया करावयाची तर तुटीची भरपाई दरसाल तिजोरींतून करून इमारत राखावयास पाहिजे होती. भाडें वाढविणें अप्रिय, आणि तिजोरींतून पैसा काढणें जड. म्हणून दोन्ही टाळलीं, आणि त्याची किंमत स्लॅबमधील लोखंडानें गंजून दिली.

त्यांत कारभाराची वांटणी अशी कीं भाडेकरूची नोंद ठेवणारें कार्यालय एक आणि दुरुस्ती करणारें बांधकाम खातें दुसरें. छत गळतें म्हणून सांगावयास गेलें तर, तें आमचें काम नव्हे, असें उत्तर. भाडेपावतीवर नांव एकाचें आणि खोलींत राहणारा दुसराच, अशी स्थिति ठिकठिकाणीं झाली. कारण कागद दुरुस्त करून घेण्यापेक्षां मुकाट्यानें राहणें भाडेकरूस सोयीचें वाटलें. मालक कोण हें भाडेकरूस कळेना, आणि भाडेकरू कोण हें मालकास कळेना! १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हां ज्या पगारावर हीं कुटुंबें स्वखर्चानें डागडुजी करीत होतीं तो पगारहि गेला.

ज्या विलायतेंतून लॉईडसाहेब आले, तेथील अनुभव या बाबतींत पाहण्यासारखा आहे. ऑक्टेव्हिया हिल या बाईनें १८६५ सालापासून लंडनमधील गरीब वस्तींतील घरें चालविलीं. तिचा नियम साधा होता. भाडें वसूल करावयास आठवड्यास जो दारांत येई, त्यानेंच फुटकी मोरी व मोडका जिना पाहावयाचा आणि दुरुस्त करून द्यावयाचा. भाड्याची शिस्त ती कडक ठेवी, आणि तितक्याच कडकपणानें आपलें देणेंहि चुकवी. पुढें १९१९ च्या कायद्यानें घरें बांधण्याची जबाबदारी तेथील नगरपालिकांवर आली, आणि साठ वर्षांत देशांतील सुमारें तृतीयांश कुटुंबें अशा घरांत राहूं लागलीं. घर मोठें, मागें परसूं, भाडें झेपेल असें. गवंडी आणि शिक्षक एका गल्लींत राहत. १९८० सालीं कायदा झाला कीं भाडेकरूनें मागितल्यास घर सवलतीच्या किंमतींत त्यास विकावें. लाखों कुटुंबें मालक झालीं, त्यांचें भलें झालें. पण विकल्या घरांच्या जागीं तितकीं नवीं घरें बांधलीं गेलीं नाहींत. चांगलीं घरें आधीं गेलीं, आणि नगरपालिकांच्या पदरीं उंच मनोरे व अधिक गरीब भाडेकरू उरले.

आणि ज्याचा आवाज क्षीण, त्याची तक्रार कोण ऐकतो? लंडनमधील ग्रेनफेल नांवाची २४ मजल्यांची इमारत तेथील नगरपालिकेची, पण कारभार तिच्या वतीनें एक भाडेकरू-व्यवस्थापन संस्था पाहत असे. आगीचा धोका आहे असें तेथील रहिवासी वारंवार सांगत होते. १४ जून २०१७ च्या रात्रीं एका घरांतील आग बाहेरच्या ज्वालाग्राही आवरणास लागून सगळी इमारत पेटली, आणि ७२ माणसें मेलीं. चौकशी-मंडळानें २०२४ च्या अहवालांत आवरण बनविणाऱ्या कंपन्यांस, सरकारास व व्यवस्थापनास, सर्वांसच दोष दिला. संस्थेच्या नांवांत भाडेकरू होता. तिच्या कानांत मात्र नव्हता.

वरळीच्या नव्या इमारती ४० मजल्यांच्या आहेत, म्हणून हें सांगणें प्राप्त झालें. चार मजल्यांच्या चाळीस जिना पुरत होता. ४० मजल्यांस लिफ्ट लागते, पाणी चढविणारे पंप लागतात, आग विझविण्याची यंत्रणा लागते, आणि हें सर्व रोज चालतें ठेवावें लागतें. पहिलीं १२ वर्षें देखभालीची सोय केली जाईल असें जाहीर झालें आहे. तेराव्या वर्षीं काय? कालपर्यंत नाममात्र भाडें भरणारें, बंद गिरणीच्या कामगाराचें कुटुंब दरमहाचा खर्च कोठून देणार? न दिल्यास लिफ्ट बंद पडणार, आणि चौतिसाव्या मजल्यावरील म्हातारी पुनः घरांत कोंडली जाणार. कांहीं वर्षांनीं खर्चास कंटाळून घर विकून डोंबिवली-विरारच्या पलीकडे जाणारीं कुटुंबें निघतील, आणि मग लोक म्हणतील कीं, यांस फुकट दिलेलें राखतां आलें नाहीं. तसें म्हणण्याची संधि देऊं नये, असें आमचें म्हणणें आहे. सुमारें ९० एकरांची ही जमीन मुंबईच्या काळजांत आहे. त्यावर विक्रीसाठींहि मनोरे उठणार आहेत, आणि त्या विक्रींतूनच हा खर्च भागावयाचा आहे. त्या उत्पन्नाचा एक निश्चित वांटा प्रत्येक पुनर्वसन-इमारतीच्या नांवें कायम ठेव म्हणून बाजूस काढावा, तिचें व्याज लिफ्ट, पंप व आगीच्या यंत्रणेकडेच खर्चावें, आणि त्याचा हिशेब दर सहामाहीस तळमजल्यावरील फळ्यावर मराठींत लावावा. रहिवाशांच्या मंडळास तो हिशेब तपासण्याचा व कंत्राटदाराचें बिल अडवून धरण्याचा अधिकार असावा. पेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस यांत कांहीं नवल वाटणार नाहीं; आपल्या वखारीच्या बाबतींत ते यापेक्षां कमी कशावर राजी होत नाहींत.

वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचा निर्णय झाला, त्या वेळीं शिवडीच्या १२ चाळी मागें राहिल्या. तेथील जमीन पोर्ट ट्रस्टची, म्हणजे दिल्ली सरकारच्या अखत्यारींतली. इमारत एका सरकारची, खालची जमीन दुसऱ्या सरकारची, आणि आंत राहणारीं माणसें दोघांचींहि प्रजा. त्या बारा चाळींतील सुमारें साडेनऊशें खोल्यांत छताखालीं भांडीं मांडून पावसाळे काढणाऱ्या कुटुंबांस, आपला घरमालक नक्की कोण आणि अर्ज कोणाच्या दारीं न्यावयाचा, हें लेखी कळविण्यास दोन्ही सरकारांस फार खर्च पडेल असें आम्हांस वाटत नाहीं.