फर्मवेअर बदलले, पण ठोका?

युरोरॅक सिक्वेन्सरमध्ये नवे फर्मवेअर टाकल्यावर पडद्यावर टेम्पोचा आकडा बरोबर दिसतो, म्हणून क्लॉकही नीट चालते असे मानणे चूक आहे. आकडा सरासरी सांगतो. दोष लपतो तो दोन स्पंदांमधल्या अंतरात. १२० बीपीएमला सोळांश स्वर दर १२५ मिलिसेकंदांनी यायला हवा. एक १२२ने आणि पुढचा १२८ने आला, तरी सरासरी १२५च. म्हणून क्लॉकचा आउटपुट, व्होल्टेज कमी करून, थेट रेकॉर्ड करावा आणि अंतरे मोजावीत. ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला सुमारे ०.०२ मिलिसेकंदांचा फरकही दिसतो. ही मोजणी अपडेटच्या आधी आणि नंतर एकाच पॅचवर व्हावी, आणि मेन्यू हाताळत असतानाही, कारण प्रोसेसरवर ताण आला की क्लॉक डगमगू शकते.

वादकही मागेपुढे होतोच, मग इतका काटेकोरपणा कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण वादकाचे सरकणे लयीच्या जाणिवेतून येते, यंत्राचे डगमगणे तसे नसते. शिवाय किक आणि बास एकत्र वाजताना एका मिलिसेकंदाच्या फरकानेही दोन लहरींची बेरीज बदलते आणि प्रत्येक ठोक्याचा नाद वेगळा लागतो. ठरावीक उशीर भरून काढता येतो, अनियमित उशीर नाही. जुन्या फर्मवेअरची फाइल जपून ठेवा आणि मोजल्याशिवाय नवे फर्मवेअर कार्यक्रमात नेऊ नका.