बाह्य एंजिन, होडीचे
लहान होडीच्या वराळेवर (मागील बाजूवर) बाहेरून बसविलेले, प्रचालकासह (पंख्यासह) एकत्र जोडलेले सुटे एंजिन. ते वळवूनच होडीची दिशा बदलतात. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अशा एंजिनांची विक्री सुरू केली.

निवड करताना केवळ अश्वशक्ती पाहून चालत नाही. पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा वेग तिच्या जलरेषेच्या लांबीने मर्यादित होतो, ५ मी. लांबीस तो ताशी सु. १० किमी. असतो. त्यापुढे शक्ती वाढविल्यास मुख्यतः लाटा व इंधनखर्च वाढतो. मात्र वसईच्या खाडीच्या मुखाजवळील चौक (ठाणे जिल्हा) यासारख्या ठिकाणाहून खाडीत शिरताना उधाणाच्या ओहोटीशी सामना होतो. प्रवाह ताशी ५ किमी. असल्यास वरील होडी किनाऱ्याच्या सापेक्ष निम्म्याच वेगाने सरकते व तेवढ्याच अंतरास दुप्पट इंधन लागते. म्हणून शक्ती व इंधन यांचा हिशेब भरल्या होडीच्या परतीवरून करणे आवश्यक असते.

एंजिनाचा दंड आखूड पडल्यास लाटांत प्रचालक हवेत फिरतो, तर लांब झाल्यास उथळ पाण्यात तळाला टेकतो. त्यामुळे दंडाची लांबी वराळेच्या उंचीशी जुळवितात. समुद्रातून परतल्यावर एंजिनाचे शीतनमार्ग गोड्या पाण्याने धुतात. अन्यथा क्षारांमुळे ते गंजतात वा तुंबतात.